राबणाऱ्या माणसाने पळायचे कशाला?



वार्षिक सर्वसाधारण सभेचे कामकाज सुरू होण्यापूर्वी आपण दरवर्षी दुखवट्याचा ठराव मांडतो. वर्षभरात दिवंगत झालेल्या सभासदांची नावे वाचली जातात, सारी सभा दोन मिनिटे उभी राहते आणि मग अहवालवाचन सुरू होते. ही यादी तयार करण्याचे काम आमच्याकडे असते. पूर्वी यादीत बहुतेक पिकल्या पानाची माणसे असत. पंच्याहत्तर, ऐंशी, एखादे नव्वदीचे. अलीकडे मात्र नावापुढचे वय लिहिताना हात थबकतो. पंचेचाळीस. बावन्न. अठ्ठेचाळीस. चौकशी केली तर उत्तरे ठरलेली. "अटॅक आला." "शुगर वाढली होती, कळलंच नाही." "बी.पी.ची गोळी मधेच बंद केली होती." आणि एखाद्या नावाच्या बाबतीत कारण विचारूच नये, हे घरच्यांच्या चेहऱ्यावरून कळते.

म्हणून या अंकात ऊस, उतारा आणि दर हे नेहमीचे विषय थोडे बाजूला ठेवून आम्ही पळण्याविषयी लिहीत आहोत. विषय ऐकून कोणी हसेल. "अहो, आम्ही दिवसभर वावरात राबतो. पळायचं ते शहरातल्या बसून खाणाऱ्यांनी. आम्हाला काय गरज?" हा प्रश्न आम्हालाही अनेकांनी विचारला. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच हा लेखप्रपंच.

पूर्वीचे राबणे आणि आताचे राबणे

एक साधा हिशेब मांडू. बैलाच्या नांगराचे एक तास नऊ इंच रुंद धरले, तर एक एकर नांगरायला माणसाला बैलांमागे सुमारे अठरा किलोमीटर चालावे लागे. त्याशिवाय कुळवणी, पाळी, बांधावरून फेऱ्या, बाजाराला पायी जाणे वेगळेच. आपल्या आज्या-पणज्यांना कोणी व्यायाम शिकवला नव्हता. त्यांच्या कामातच तो होता.

आज ते एकर ट्रॅक्टर तासा-दीड तासात नांगरतो आणि चालवणारा सीटवर बसलेला असतो. बांधापर्यंत मोटारसायकल जाते. काही ठिकाणी विहिरीवरची मोटर मोबाइलवरून चालू होते. ठिबकमुळे दारे धरायला जाणे कमी झाले. हे सारे चांगलेच झाले. त्या कष्टांनी माणसे झिजत होती, ते दिवस परत यावेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण आहार राहिला पूर्वीचा, चहाचे कप वाढले, चालणे मात्र गेले. जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे तर जमा तेवढीच आणि खर्चाची बाजू रिकामी. शिल्लक मग पोटावर दिसते.

उरलेली कामे कष्टाची आहेत यात शंका नाही. औषध मारताना खांदे भरून येतात, खुरपताना कंबर मोडते, खताची पोती उचलताना जीव घाईला येतो. पण या कामात क्षणभर जोर लागतो आणि मग आपण थांबतो. हृदयाला आणि फुफ्फुसांना सलग वीस-तीस मिनिटे एका लयीत काम मिळत नाही. अंग थकते, पण दम वाढत नाही. पळण्याने नेमकी हीच उणीव भरून निघते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. हा लेख आपल्या ऊसतोडणी कामगार बंधू-भगिनींसाठी नाही. पहाटेपासून कोयता चालवणाऱ्या आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या माणसाला "पळा" म्हणणे ही थट्टा होईल. त्यांना गरज आहे ती विश्रांतीची, पुरेशा अन्नाची आणि स्वच्छ पाण्याची. लेख आहे तो सभासदांसाठी, कारखान्यातील आणि कचेरीतील कामगारांसाठी, आणि खुर्चीवर बसून हा अंक तयार करणाऱ्या आमच्यासाठी.

लंडनच्या बसमधला कंडक्टर

हालचालीचा आणि हृदयाचा संबंध आज सर्वांना ठाऊक आहे, पण तो आकड्यांनी प्रथम दाखवला जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी. लंडनच्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसून असे आणि कंडक्टर तिकिटे देत वर-खाली करी. दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या तो चढत असे. दोघांचे मालक एक, राहणी साधारण सारखी. मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाहतूक खात्यातील सुमारे ३१,००० पुरुष कामगारांची माहिती तपासली आणि १९५३ साली ती प्रसिद्ध केली. कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी होत होता, झाला तरी उशिरा होत होता आणि तितका जीवघेणा ठरत नव्हता. टपाल वाटत फिरणारे पोस्टमन आणि टेबलावर काम करणारे कारकून यांच्यातही तसाच फरक दिसला.

शंका घेणारे तेव्हाही होते. जाडजूड माणसेच ड्रायव्हर होत असतील, असे कोणी म्हणाले. मॉरिस यांनी मग गणवेशाच्या विजारींची मापे तपासली. ड्रायव्हरांच्या कमरेची मापे खरोखरच मोठी निघाली. म्हणजे आक्षेपात तथ्य होते आणि प्रश्न आणखी खोल अभ्यासाचा होता. तो अभ्यास पुढे अनेक देशांत झाला आणि मूळ निष्कर्ष टिकला. डॉ. मॉरिस स्वतः नियमित व्यायाम करीत. ते २००९ साली वयाच्या ९९ व्या वर्षी वारले.

खास पळण्याविषयीचा मोठा अभ्यास अमेरिकेत झाला आणि २०१४ साली प्रसिद्ध झाला. पंचावन्न हजारांहून अधिक माणसांवर सरासरी पंधरा वर्षे लक्ष ठेवले होते. न पळणाऱ्यांच्या तुलनेत पळणाऱ्यांत एकूण मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी आणि हृदयविकार व पक्षाघाताने होणाऱ्या मृत्यूंचे सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळले. आपल्या कामाची गोष्ट पुढेच आहे. रोज फक्त पाच-दहा मिनिटे आणि तेही हळू पळणाऱ्यांनाही फायदा दिसला. फार पळणाऱ्यांना त्यापेक्षा फार जास्त मिळाले असे नाही.

आणखी एक अभ्यास स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९८४ साली सुरू केला. पन्नाशी ओलांडलेले पळणारे आणि त्याच वयाचे न पळणारे अशा दोन गटांवर त्यांनी वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. एकोणीस वर्षांनी पाहिले तेव्हा न पळणाऱ्या गटातील शंभरांपैकी ३४ जण वारले होते, पळणाऱ्यांतील १५. उठणे-बसणे, कपडे घालणे, चालणे यांतील परावलंबनही पळणाऱ्यांना बरेच उशिरा आले. आयुष्य वाढणे ही एक बाब झाली. म्हातारपणी सुनेच्या आधाराशिवाय उठता येणे ही त्याहून मोठी.

मुळात निरोगी असलेली माणसेच पळतात, असे कोणी म्हणेल. अशा अभ्यासांत ही अडचण थोडीफार राहतेच. संशोधकांनी वय, धूम्रपान, वजन यांचा हिशेब धरूनही फरक उरला, एवढे मात्र खरे.

शरीरात नेमके काय घडते?

पहिले हृदय. काही महिने नियमित पळणाऱ्याचे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागते. त्यामुळे विश्रांतीच्या वेळची नाडी मंदावते. समजा ती मिनिटाला ७२ होती आणि ६६ वर आली. मिनिटाला सहा ठोके वाचले, म्हणजे दिवसाला ८,६४० ठोके वाचले. रक्तवाहिन्या अधिक लवचिक राहतात, रक्तदाब थोडा उतरतो, रक्तातील वाईट चरबी घटायला मदत होते.

दुसरी साखर, आणि या विषयात आपण सारे जाणकार! कारखाना बंद पडला आणि तोड मात्र चालूच राहिली, तर काय होते? गाडीतळावर उसाच्या गाड्यांची रांग लागते आणि ऊस वाळतो. शरीराचेही तसेच आहे. जेवणातून साखर रक्तात येते आणि तिचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायू. स्नायू बसून राहिले की साखर रक्तातच तुंबते. त्यांना साखर घ्यायला लावण्यासाठी शरीर जास्त जास्त इन्सुलिन सोडते, पण आळसावलेले स्नायू त्यालाही दाद देत नाहीत. मधुमेहाची ही पूर्वतयारी. पळताना मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे मोठे स्नायू कामाला लागतात, तेव्हा ते इन्सुलिनची फारशी वाट न पाहता थेट साखर ओढून घेतात. हा परिणाम पळणे थांबल्यावरही दिवसभर, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. म्हणून आठवड्यातून एकदाच दोन तास पळण्यापेक्षा दिवसाआड अर्धा तास पळणे बरे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, असा तो अंदाज आहे. खेड्यांतही हे प्रमाण शंभरात जवळजवळ नऊ निघाले. उंबरठ्यावरच्या माणसाला मागे फिरता येते का? काही अंशी येते. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ५३१ जणांचा अभ्यास करून २००६ साली निष्कर्ष मांडले. नेहमीसारखे राहणाऱ्यांपैकी तीन वर्षांत शंभरात ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांनी रोज किमान अर्धा तास चालणे आणि खाण्यात बदल हे पाळले, त्यांच्यात शंभरात ३९. सोळा माणसांचा हा फरक केवळ चालण्याने आणि जेवणाने पडला. पळण्याने तेच काम कमी वेळात होते.

तिसरे गुडघे. "पळाल्याने गुडघे झिजतात," हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ साली काढलेला निष्कर्ष उलटा आहे. आरोग्यासाठी बेताने पळणाऱ्यांत गुडघ्याची किंवा खुब्याची झीज शंभरात साधारण साडेतीन जणांत आढळली, बसून राहणाऱ्यांत दहा जणांत. स्पर्धेसाठी फार पळणाऱ्यांत मात्र ती तेराच्या आसपास होती. सारांश असा की बेताने पळण्याने धडधाकट गुडघ्याला भीती नाही. ज्यांचा गुडघा आधीच दुखावला आहे किंवा वजन फार आहे, त्यांनी चालण्यापासूनच सुरुवात करावी.

मनाचे काय?

आता ज्या विषयावर आपण पारावरही बोलत नाही, त्याकडे येतो.

शेतकऱ्याच्या डोक्यावरचे ओझे आम्ही नव्याने काय सांगावे? सोसायटीचे कर्ज, मुलीचे लग्न, मुलाची नोकरी, तोडीची तारीख, बिलाची वाट, पाऊस. माणूस रात्री आढ्याकडे बघत पडून राहतो. जेवण जात नाही. चारचौघांत येणे टाळतो. घरातली माणसे म्हणतात, "हल्ली फार चिडचिड करतात." तो स्वतः म्हणतो, "काही नाही, टेन्शन आहे." असे महिनोन्‌महिने चालले, तर ते नुसते टेन्शन नसते. तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत.

पळण्याचा या आजारावर काय परिणाम होतो, हे डॉक्टरांनी औषधांशी तुलना करून पाहिले आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात नैराश्य असलेल्या पन्नाशीपुढच्या १५६ जणांवर प्रयोग झाला आणि तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. काहींना औषध, काहींना आठवड्यातून तीनदा अर्धा तास जलद चालणे किंवा हळू पळणे, काहींना दोन्ही. औषधाचा गुण लवकर आला, पण सोळा आठवड्यांनी तिन्ही गटांत सुधारणा जवळपास सारखीच होती. हॉलंडमध्ये १४१ रुग्णांचा असाच अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यातही औषध घेणारे आणि गटाने पळणारे यांच्यात शंभरात साधारण ४४ जण बरे झाले. पळणाऱ्यांची कंबर, वजन आणि रक्तदाब यांतही सुधारणा झाली, तो वरकड फायदा.

पण याच अभ्यासाने दुसरी बाजूही दाखवली. औषधाच्या गटातील शंभरात ८२ जणांनी उपचार नीट पाळले, पळण्याच्या गटातील फक्त ५२ जणांनी. मन खचलेल्या माणसाला अंथरुणातून उठणेच डोंगराएवढे वाटते, मग पळायला जाणे दूरच. म्हणून अशा माणसाला "जरा पळत जा, बरं वाटेल," असा सल्ला देऊन आपण मोकळे होऊ नये. त्याच्या दारात जावे आणि म्हणावे, "चल दाजी, कॅनॉलपर्यंत जाऊन येऊ." पळायला नको असेल तर चालावे. आणि चालू असलेल्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच बंद करू नयेत.

पळण्याने मन हलके का होते? मेंदूत काही द्रव्ये स्रवतात आणि त्यांनी वेदना व काळजी सौम्य होते. झोप गाढ लागते. मेंदूचा आठवणीशी संबंध असलेला एक भाग वयाबरोबर आक्रसत जातो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२० वृद्धांपैकी ज्यांनी वर्षभर नियमित जलद चालण्याचा व्यायाम केला, त्यांच्यात हा भाग आक्रसण्याऐवजी सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला आढळला. याशिवाय एक साधे कारण आम्हाला वाटते. समोरासमोर बसून पुरुषमाणूस मनातले बोलत नाही. शेजारी शेजारी, नजर रस्त्यावर ठेवून हळू पळताना मात्र तो बोलतो.

ज्यांच्या मनात स्वतःचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, किंवा घरात कोणाचे असे बोलणे कानावर आले असेल, त्यांनी थांबू नये. त्या माणसाला एकटे सोडू नये. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. फोन करायला लाज कसली? उसावर रोग पडला तर आपण शेतकी खात्याला विचारतोच ना?

भगिनींनी काय करावे?

"बाईमाणूस पळते, लोक काय म्हणतील?" ही अडचण खरी आहे. तिला उत्तर एका मराठी बाईनेच दिले. लताबाई करे यांनी साठी ओलांडल्यावर, आजारी पतीच्या तपासण्यांना पैसे हवेत म्हणून बारामतीच्या शर्यतीत नऊवारी नेसून, अनवाणी धाव घेतली आणि पहिला क्रमांक मिळवला. त्यांच्यावरचा चित्रपट २०२० साली आला. त्यात स्वतःची भूमिका त्यांनीच केली. बक्षिसासाठी पळण्याची वेळ कोणावरही न येवो. पण साठीतल्या बाईचे शरीर काय करू शकते, हे त्यांनी सर्वांना दाखवले.

माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावल्या आणि दहाव्या आल्या. आपल्या लेकी-सुनांना तेवढे नको. चाळिशीनंतर बायकांची हाडे ठिसूळ होऊ लागतात. पावलांचा हलका ठोका हाडांना बळकटी देतो. चार-पाच जणींनी मिळून शाळेच्या मैदानावर सकाळी अर्धा तास काढावा. तेवढा वेळ चहा घरातल्या पुरुषांनी केला तर काही बिघडणार नाही.

सुरुवात कशी करावी?

आपल्या गावांत पळणे म्हणजे भरती, असे समीकरण झाले आहे. पोलीस भरतीसाठी मुले पहाटे १६०० मीटर जीव तोडून पळतात. भरती झाली किंवा वय उलटले की बूट माळ्यावर जातात. आम्ही म्हणतो ते पळणे असे नव्हे. येथे घड्याळ नाही, शिट्टी नाही.

खूण एकच लक्षात ठेवावी. पळताना शेजाऱ्याशी बोलता आले पाहिजे. बोलताना वाक्य तुटू लागले की वेग जास्त झाला, चालायला लागावे.

१. पहिले दोन आठवडे आठवड्यातून चार दिवस अर्धा तास झपझप चालावे.

२. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक मिनिट हळू पळावे, तीन मिनिटे चालावे. असे सात-आठ वेळा.

३. पाचव्या-सहाव्या आठवड्यात दोन मिनिटे पळणे, दोन मिनिटे चालणे.

४. सातव्या आठवड्यापासून पळण्याची मिनिटे हळूहळू वाढवावीत. तीन महिन्यांत वीस मिनिटे सलग पळता आले तर उत्तम. चार महिने लागले तरी बिघडत नाही.

५. आठवड्यात तीन-चार दिवस पुरेत. मधला दिवस विश्रांतीचा. पाणी दिल्यावर वाफसा आल्याशिवाय आपण रानात औत घालत नाही, तसेच हे.

६. सुरुवातीला पाच मिनिटे आणि शेवटी पाच मिनिटे चालावे. पाऊल लहान टाकावे, खांदे सैल सोडावेत.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला जलद चालण्यासारखा व्यायाम १५० ते ३०० मिनिटे, किंवा पळण्यासारखा जोमाचा व्यायाम ७५ ते १५० मिनिटे सांगते. आठवड्यातून चार दिवस वीस मिनिटे पळाले की ८० मिनिटे भरतात.

सावधगिरी

जिम फिक्स नावाच्या अमेरिकन लेखकाने १९७७ साली पळण्यावर पुस्तक लिहिले आणि ते लाखोंनी खपले. हाच माणूस १९८४ साली वयाच्या ५२ व्या वर्षी पळताना हृदयविकाराने गेला. पळण्याचे विरोधक आजही हे उदाहरण देतात. पण त्याच्या वडिलांना पस्तिशीतच हृदयविकाराचा झटका आला होता आणि ते ४३ व्या वर्षी वारले होते. तो स्वतः पूर्वी भरपूर सिगारेट ओढत असे. शवविच्छेदनात त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या चोंदलेल्या आढळल्या. धडा असा की पळणे म्हणजे कवचकुंडले नव्हेत. म्हणून—

चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, तंबाखू किंवा घराण्यात लवकर हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. पळताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घेरी किंवा न ओळखता येणारी धाप लागली तर तिथेच थांबावे. "ॲसिडिटी असेल," म्हणून घरी येऊन सोडा पिऊ नये. १०८ ला फोन करावा.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी वेळ आणि मात्रा डॉक्टरांना विचारून ठरवावी, खिशात साखरेची पुडी ठेवावी आणि अनवाणी पळू नये. पायाची जखम त्यांना कळत नाही आणि भरतही नाही. इतरांनाही मऊ तळाचे, पायाला बसणारे साधे बूट पुरेत.

हंगामात पहाटे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात. मुख्य रस्ता टाळावा. जावेच लागले तर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे, पांढरे कपडे घालून पळावे. बिबट्याचा वावर असलेल्या शिवारात उजाडल्याशिवाय आणि एकट्याने उसाच्या कडेने जाऊ नये. चैत्र-वैशाखात ऊन तापण्यापूर्वी परत यावे. रात्रपाळीची वीज आली म्हणून पाणी धरत जागलेल्या माणसाने सकाळी झोप घ्यावी. त्या दिवशी पळणे नको.

शेवटी एक सूचना

प्रत्येक गावात भरतीची तयारी करणारी पोरे रोज पहाटे उठतातच. बापांनी आणि चुलत्यांनी त्यांच्यामागे हळूहळू निघावे. पोरे पुढे जातील, जाऊ द्यावीत. गटातल्या चार सभासदांनी मिळून दिवस ठरवावेत आणि जो आला नाही त्याच्या घरी जाऊन विचारावे. सहकाराचा अर्थ आपण आजवर एकत्र ऊस गाळणे एवढाच घेतला. शेजाऱ्याची नाडी आणि शेजाऱ्याचे मन यांची विचारपूस करणे हाही सहकारच आहे.

पुढील सर्वसाधारण सभेत दुखवट्याचा ठराव आम्हाला वाचावा लागेलच. ती यादी शक्य तेवढी लहान असावी आणि नावांपुढची वये पुन्हा ऐंशीच्या घरात जावीत, एवढीच आमची इच्छा आहे. उद्या सकाळी निदान बांधापर्यंत मोटारसायकल न काढता जाऊन यावे, ही सर्व सभासद बंधू-भगिनींना नम्र विनंती.